‘नकोशी’ हे नाव आलं कुठून? साताऱ्यातल्या २८५ मुलींनी टाकून दिलेल्या नावाची गोष्ट

२२ ऑक्टोबर २०११. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. साताऱ्यात त्या दिवशी एक वेगळंच बारसं झालं. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, कानात कुर्र करणारी आत्याही नव्हती. ठेवणीतले कपडे घालून, केसांना रिबिनी आणि पिना लावून मुली रांगेत उभ्या होत्या. काही अगदी लहान, काही हायस्कुलात जाणाऱ्या. एकेक जण पुढे जायची, जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांच्या हातून छोटा पुष्पगुच्छ आणि एक प्रमाणपत्र घ्यायची. त्या प्रमाणपत्रावर तिचं नवीन नाव लिहिलेलं होतं.

अशा २८५ मुली होत्या, आणि घरून आणलेलं त्यांचं जुनं नाव जवळजवळ एकच होतं. कुणी नकोशी, कुणी नकुशी, कुणी नकुसा, कुणी नकुशा. अर्थ सरळ आहे. नको असलेली.

ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. परदेशी वाचकांसाठी तो धक्का होता. साताऱ्यात, विशेषतः खेड्यापाड्यात, त्यात कुणाला नवल वाटलं नव्हतं. प्रत्येक गावात एखादी नकुशी असायचीच.

शब्द कुठून आला?

मराठी मूल बोलायला लागतं तेव्हा अगदी सुरुवातीला जे शब्द शिकतं त्यात ‘नको’ असतोच. हा शब्द इतका आपला आहे की दख्खनी उर्दूनेही तो उचलला. हैदराबादेत ‘नक्को’ ऐकलात की तो मराठीतून गेलेला पाहुणा समजायचा.

त्याला ‘सा-शी-सं’ हा प्रत्यय लागला की ‘नकोसा, नकोशी, नकोसं’ होतं. हा प्रत्यय तसा मवाळ आहे. छोटंसं घर, लहानशी वाट, बरासा पाऊस. नेमकं बोट न ठेवता ‘साधारण तसं’ एवढंच तो सांगतो. उन्हाळा नकोसा होतो, गर्दी नकोशी वाटते. बोलण्यात हे शब्द रोज येतात आणि कुणाला दुखवत नाहीत. गंमत अशी, म्हणजे गंमत म्हणवत नाही, की हाच मऊ प्रत्यय नावात आला की शब्दाची सगळी धार बाहेर येते. कारण ‘वाटते’ हे क्रियापद गळून पडतं. गर्दी नकोशी ‘वाटते’. ही मुलगी मात्र नकोशी ‘आहे’.

बोलीत ‘को’चा ‘कु’ झाला आणि नकुशी, नकुसा ही रूपं आली. व्याकरणाच्या हिशेबाने ‘नकोसा’ हे पुल्लिंगी रूप. पण आशा, उषा, मंदा अशा नावांच्या चालीवर ‘नकुसा’, ‘नकुशा’ मुलींच्या नावात सहज बसून गेलं असावं. आज ही रूपं वेगवेगळी दिसत असली तरी नाव एकच. अडचण कागदावर येते. रेशनकार्डावर ‘नकुशी’, शाळेत ‘नकोशा’, इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि आयुष्यभर ‘मीच ती’ हे सिद्ध करत बसायचं. जे नाव मुळात नको होतं, त्याच्या पुराव्यासाठी हेलपाटे घालायचे.

या नावाचा उलटा जोडीदारही मराठीत आहे, तो विसरू नये. जुन्या पिढीत ‘आवडाबाई’ किंवा ‘आवडी’ नावाच्या बायका असायच्या. सोनी, लाडूबाई, चिमी ही घरातली नावंही होतीच. म्हणजे मराठी माणसाला मुलीवर माया करता येत नव्हती असं नाही. पहिल्या मुलीला बहुतेक घरांत मायेचंच नाव मिळालं. नकोशी हे नाव पहिलीचं नसायचं. ते तिसरीचं, चौथीचं असायचं.

हे नाव ठेवायचे का?

यामागे एक समजूत होती. मुलीवर मुली होत असतील तर शेवटच्या मुलीचं नाव ‘नकोशी’ ठेवावं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचं बाळ मुलगा होतो. नाव मुलीचं असलं तरी ते मुलीसाठी नव्हतं. पुढे येणाऱ्या, अजून नसलेल्या भावासाठी ते ठेवलेलं होतं. ती फक्त त्या निरोपाचं पाकीट.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सोडवायला हवी. “पूर्वी दगडू, धोंडू, केरू, भिकू अशीही नावं ठेवायचे, मग नकोशीतच काय एवढं?” असा प्रश्न हमखास विचारला जातो. वरवर पाहता ही एकाच जातीची नावं वाटतात. पण त्यांचा हेतू बरोबर उलटा आहे.

ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नवीन बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायची रीत होती. बाळ म्हणजे दगड आहे, धोंडा आहे, केर आहे, भिकेत मिळालेलं आहे असं म्हटलं की त्याला दृष्ट लागणार नाही, मृत्यूही त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, ही त्यामागची भाबडी युक्ती. ‘दगडू’ म्हणणाऱ्या आईला तो दगडू सगळ्या जगापेक्षा हवा असतो. ती खोटं बोलत असते, आणि ते खोटं मायेपोटी असतं. ‘नकोशी’मध्ये कुणी खोटं बोलत नाही.

धोंडू या नावाला तर आणखी एक वाट आहे. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही हे नाव मिळायचं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नावही याच कुळातलं. विधवांसाठी हिंगण्याला आश्रम काढणारा आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू करणारा माणूस ‘धोंडो’ होता. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी यांनीही हेच नाव मैफलीपर्यंत नेलं. दगडाचं नाव घेऊन माणूस मोठा होऊ शकतो, कारण हाक मारताना त्या नावात कुणी त्याला दूर लोटलेलं नसतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही, आणि ही यादी वाचताना बरं वाटत नाही. तामिळनाडूत ‘वेंडाम’ म्हणजे ‘नको’ हे नाव मुलींना दिलं गेलं आहे. आपल्या नकोशीची ही जणू सख्खी बहीण. बंगालमध्ये ‘आन्नाकाली’, म्हणजे ‘आता आणखी नको गं, काली’. हरियाणा-राजस्थानकडे ‘भतेरी’, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. तुर्कस्तानात ‘येतर’, म्हणजे ‘पुरे’. चीनमध्ये ‘लायदी’ आणि ‘झाओदी’ या नावांचा अर्थ धाकट्या भावाला घेऊन ये, त्याला बोलावून आण, असा होतो. भाषा बदलते, देव बदलतो, निरोप तोच.

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातल्या भगाणा गावात एका घरात चौथी मुलगी झाली. ही शेवटचीच असावी म्हणून तिचं नाव ‘अंतिम’ ठेवलं. तीच अंतिम पंघाल. २०२२ साली वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, पुढच्या वर्षी तिने ते पुन्हा जिंकलं. असे दाखले आले की समाजमाध्यमांवर “बघा, नावात काय असतं” अशा पोस्टी फिरतात. पण अंतिमने जगज्जेती व्हावं तेव्हा तिचं नाव माफ व्हावं, हा हिशेबही विचित्रच आहे. कुस्ती न खेळणाऱ्या अंतिमांनी काय करायचं?

जगाच्या दुसऱ्या टोकाला वेल्समध्ये मुलीचं एक लाडकं नाव आहे, कॅरिस. वेल्श भाषेत ‘कारू’ म्हणजे प्रेम करणे, त्यावरून ते आलं. एका भाषेने प्रेमाच्या क्रियापदावरून मुलीचं नाव घडवलं आणि एकीने नकाराच्या शब्दावरून. अर्थात आवडाबाई आपल्याकडेही होती, हे वर आलंच आहे.

किती मुलींचं हे नाव होतं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी प्रसिद्ध करतं. कोणतं नाव चढलं, कोणतं उतरलं, हे तिथे क्रमांकासकट सांगता येतं. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण नावांची अशी यादी निघत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात सई किती, आर्या किती, नकुशी किती, हे कुणी आकड्यात सांगत असेल तर तो अंदाज समजावा.

म्हणूनच साताऱ्याचा २८५ हा आकडा महत्त्वाचा ठरला. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या यंत्रणेने या मुली शोधल्या, आणि स्त्रीजन्माच्या स्वागताची चळवळ चालवणाऱ्या डॉ. सुधा कांकरिया यांच्यासारखे कार्यकर्ते या कामात सोबत होते. एका जिल्ह्यात, मोजायचं ठरवल्यावर, एवढ्या सापडल्या. ज्या तेव्हा मोठ्या होऊन सासरी गेल्या होत्या त्या यात नाहीत. साताऱ्याच्या दुष्काळी आणि डोंगरी तालुक्यांमधून पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबं मुंबईच्या गिरणगावापासून पार अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांपर्यंत पसरली. त्यांच्या घरातल्या नकुशा मोजणं कुणाच्याच यादीत नव्हतं.

योगायोग असा की याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. नावं बदलताना काही मुलींनी ‘सावित्री’ हे नाव घेतलं. काहींनी ‘ऐश्वर्या’ घेतलं, तेही सिनेमातल्या ऐश्वर्यावरून. दोन्ही आपापल्या जागी ठीकच. आपलं नाव आपण निवडायचं, ही संधी किती जणांना मिळते?

साताऱ्याबाहेर हे नाव पोचवलं ते मात्र एका हिंदी मालिकेने. २००९ साली कलर्स वाहिनीवर ‘लागी तुझसे लगन’ सुरू झाली. तिच्या नायिकेचं नाव होतं नकुशा, भूमिका माही वीजने केली होती. वाईट नजरांपासून वाचावी म्हणून मुलीचा चेहरा काळवंडून ठेवणारी आई त्यात होती. मालिकेमुळे हे नाव देशभर ऐकू गेलं, पण त्याचा अर्थ किती प्रेक्षकांना लागला हे वेगळं. उत्तरेतल्या अनेकांना ते एखादं नवं, जरा उर्दू वळणाचं नाव वाटलं असेल तर नवल नाही.

नाव कमी झालं, ही चांगली बातमी आहे का?

आता नव्याने जन्मलेल्या मुलीचं नाव नकोशी ठेवल्याचं सहसा ऐकू येत नाही. ऐकून बरं वाटतं. पण इथे जरा थांबायला हवं.

नकोशी हे नाव ठेवायला आधी मुलगी जन्मावी लागते. १९८० च्या दशकात सोनोग्राफी मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावी पोचली आणि ज्यांना मुलगी नको होती त्यांच्या हाती दुसरा मार्ग आला. देवाला निरोप धाडायची गरजच उरली नाही. हा धोका महाराष्ट्राने लवकर ओळखला. गर्भलिंग चाचणीवर बंधनं घालणारा कायदा १९८८ साली करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७ च.

साताऱ्यातला तो नामकरणाचा कार्यक्रम या आकड्यांनंतर काही महिन्यांतच झाला, हे लक्षात घ्या. आरोग्य खात्याने नावाच्या प्रश्नात हात घातला तो याचसाठी. जन्माआधी नको म्हणणं आणि जन्मानंतर नकोशी म्हणणं, या एकाच घरातल्या दोन गोष्टी आहेत. कटू असलं तरी खरं हेच की जुन्या नकुशीला निदान जन्म मिळाला. ती वाढली, शाळेत गेली, तिने हजेरीत ते नाव ऐकून हात वर केला.

यालाच पुढे देशाच्या आर्थिक पाहणी अहवालानेही हात घातला. २०१७-१८ च्या अहवालात एक वेगळा हिशेब मांडला होता. मुलगा होईपर्यंत मुलं होऊ द्यायची आणि मुलगा झाला की थांबायचं, ही पद्धत जिथे असते तिथे शेंडेफळ बहुतेक मुलगा असतो. त्यावरून पंचवीस वर्षांपर्यंतच्या वयाच्या सुमारे २.१ कोटी मुली देशात ‘नकोशा’ असाव्यात, असा अंदाज अहवालाने दिला. गर्भपात नाही, बेकायदा चाचणी नाही. फक्त आईवडील ज्यांच्या जागी मुलाची वाट पाहत होते अशा मुली. यातल्या बहुतेकींची नावं पूजा, प्रियांका, स्नेहल अशी छानच असणार. नाव कागदावर नाही म्हणून ते घरात नाही, असं होत नाही.

दुसरीकडे हा शब्द नावातून बाहेर पडून बातमीत शिरला. कचराकुंडीजवळ, बसस्थानकावर, देवळाच्या पायरीवर एखादी नवजात मुलगी सापडली की मथळा तयार असतो: ‘नकोशी’ सापडली. हेतू कळवळ्याचा असतो. पण ज्या बाळाला अजून नावच नाही, त्याला छापील अक्षरात पहिलं नाव तेच मिळतं. ‘नवजात मुलगी’ एवढं लिहून भागत नाही का, हा प्रश्न संपादकांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

कागदावरचं नाव आणि जिभेवरचं नाव

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नाव बदललं का? उल्हासनगरच्या लोकांना विचारा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. इतकं आनंदी नाव क्वचितच एखाद्या शहराला मिळालं असेल. आज इतकी वर्षं झाली तरी रिक्षावाला ‘कॅम्प नंबर चार’ असंच विचारतो. पाट्या बदलतात, जिभेची सवय मागे राहते.

मुलीच्या बाबतीत तर ही सवय घरातच असते. आजी नव्या नावाने हाक मारेल असं नाही. शेजारीण विसरते. गावातल्या वर्गमैत्रिणी जुन्याच नावाने ओळखतात. म्हणून नवं नाव रुजवायचं तर पहिलं काम घराचं. सरकारी शिक्का त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही.

पूर्वी या नावातून सुटायची एकच वाट होती, लग्न. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं जायचं आणि माहेरची नकुशी सासरची मंगल किंवा सुनंदा व्हायची. लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेवर आज बरीच टीका होते आणि ती रास्त आहे. पण काही बायकांसाठी ती एकमेव सुटका होती. तेव्हाही नाव निवडायचा नवराच.

कायद्याने वाट सोपी नाही, पण आहे. मुलाच्या जन्माची नोंद नावाशिवायही करता येते. नाव नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. एकदा नोंदलेलं नाव बदलायचं असेल तर शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करून महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, अल्पवयीन मुलीसाठी पालक करतात. राजपत्राची ती प्रत हातात आली की आधार, पॅन, बँक अशी एकेक पायरी चढता येते. मुलगी शाळेत असतानाच हे केलं तर बरं. दाखला एकदा हातात पडला की त्यावरचं नाव बदलणं जिकिरीचं होतं.

हे आज का सांगायचं? २०११ साली त्या रांगेत उभ्या असलेल्या मुली आता विशी-तिशीत आहेत. त्यातल्या अनेक जणी आई झाल्या असतील. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, अशा क्रमाने लिहायचं आहे. आईचं नाव आता वगळता येत नाही. ज्या आईच्या आधारवर अजून ‘नकुसा’ छापलेलं आहे, तिच्या बाळाच्या शाळेच्या दाखल्यावर, बाळाच्या नावाला लागूनच, तो शब्द येईल.